पीडीएफमधली मराठी शोधता आली पाहिजे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीपासून विद्यापीठांपर्यंत अनेक कार्यालयं आता सूचना, लाभार्थ्यांच्या याद्या आणि सभांची इतिवृत्तं संकेतस्थळावर टाकतात. यातली बरीचशी मराठी फक्त डोळ्यांना दिसते, संगणकाला ती मराठी आहे हेच कळत नाही. अशी एखादी पीडीएफ उघडा, कंट्रोल-एफ दाबा आणि समोर ठळक दिसणारा ‘अधिकारी’ हा शब्द शोधून पाहा. सापडला नाही, तर तोच शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. दोष कुठे आहे ते तिथे कळतं.

शब्द निवडताच आला नाही, तर ते नुसतं छायाचित्र आहे. मजकूर संगणकावरच टाइप झालेला असतो. तो छापायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करून चढवायचा, या खटाटोपात टाइप केलेलं सगळं वाया जातं. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली किंवा रफार गळाला, तर मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, असूनही पीडीएफ करताना बिघडला आहे. आणि रोमन अक्षरं व चिन्हांचं गिचमिड उमटलं, तर मजकूर युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमधला आहे.

हे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. पडद्यावर ‘म’ दिसतो, पण फायलीत साठतं ते एखादं रोमन अक्षर नाहीतर चिन्ह. सोय नव्हती तेव्हा याला इलाज नव्हता, आणि मराठी छपाई संगणकावर आली ती याच फॉन्टमुळे, हे मान्यच आहे. पण विंडोज 2000 पासून देवनागरी युनिकोड चालतं. तरीही फॉन्ट सुटत नाहीत, कारण डीटीपीची बरीच कामं अजून पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर होतात. त्याची शेवटची 7.0 ही आवृत्ती 2001 ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनमध्ये कळतं, फक्त ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडावा लागतो. नाहीतर जोडाक्षरं फुटतात, आणि ऑपरेटर ‘युनिकोड चालत नाही’ म्हणून पुन्हा जुन्या फॉन्टकडे वळतो.

युनिकोडमध्येही एक जागा सांभाळायची आहे, आणि ती खास मराठीची आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ. दुसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द. एकाने शोधलं तर दुसरा बऱ्याचदा सापडत नाही. शिवाय काही प्रणाली अदृश्य चिन्हं गाळून टाकतात; मग ‘शेतकर्यांना’ असं रूप उमटतं. म्हणून पहिलीच पद्धत सगळीकडे ठरवून घ्यावी. ‘ॲ’चंही तेच: स्वतंत्र अक्षर 2008 मध्ये युनिकोडमध्ये आलं, त्याआधी अ आणि चंद्र जोडून लिहीत, आणि आजही दोन्ही वापरात आहेत. एक्सेलमध्ये दोन याद्या पडताळताना एकाच माणसाचं नाव यामुळे जुळत नाही. अर्जदाराला ‘नाव यादीत नाही’ एवढंच उत्तर मिळतं, आणि कागदावर दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसत असल्याने चूक कुठे झाली हे त्याला कधीच दाखवता येत नाही.

सगळ्यात मोठा अन्याय अंध वाचकांवर होतो. एनव्हीडीएसारखं मोफत सॉफ्टवेअर मराठी मजकूर वाचून दाखवतं, पण स्कॅनसमोर ते गप्प बसतं आणि जुन्या फॉन्टसमोर निरर्थक अक्षरं बडबडतं. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 42 नुसार इलेक्ट्रॉनिक मजकूर त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

पुढच्या फायलींसाठी वेगळा खर्च फारसा नाही. वर्डमधून पीडीएफ करताना ‘प्रिंट’ नको, ‘सेव्ह ॲज’ वापरावं आणि पर्यायांमध्ये सुलभतेसाठीच्या रचना-खुणांची चौकट टिक केलेली ठेवावी. सही डिजिटल करावी. ते जमत नसेल तर स्कॅनच्या जोडीला मूळ वर्ड फाइलही चढवावी.

जुन्या दप्तराचं काम मात्र जिकिरीचं. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘फॉन्ट्स’ रकान्यात फॉन्टचं नाव सापडतं, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा, त्या फॉन्टसाठी बनवलेलाच परिवर्तक वापरावा लागतो. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवतात, युनिकोडमध्ये बरोबर उलट, त्यामुळे चुका प्रामुख्याने तिथे होतात. मजकुरातले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते तर परिवर्तक मराठी समजून बदलून टाकतो. म्हणून निदान नावं, गट क्रमांक आणि रकमा माणसानेच मुळाशी ताडून पाहाव्यात.

अहवाल, स्मरणिका, याद्या छापून घेताना कार्यालयांनी निविदेतच लिहावं: छपाईच्या फायलीसोबत युनिकोड मजकूर द्यावा लागेल. आणि बिल मंजूर करण्याआधी ‘अधिकारी’, ‘कार्यालय’ आणि ‘शेतकऱ्यांना’ हे तीन शब्द त्या पीडीएफमध्ये शोधून पाहावेत. मराठी दैनिकांनी आपल्या जुन्या अंकांच्या संग्रहालाही हीच कसोटी लावावी, ही आपल्याला विनंती.

– एक वाचक, पुणे