परतावा छापता, मग खर्चही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला मुदत ठेवी मोडून सक्रिय फंडांत, म्हणजे व्यवस्थापक शेअर निवडतो अशा म्युच्युअल फंडांत, जा, असं सांगणारा लेख वाचला. सोबत फंडांच्या एका वर्षाच्या परताव्याचा तक्ता आहे. त्यात फंडाचा वार्षिक खर्च कुठेच नाही, बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडाची साधी ओळ नाही, कमिशनशिवाय थेट घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनचं नावही नाही.

राग येण्याचं कारण घरातलं आहे. माझी मोठी बहीण अमळनेरला एकटी राहते. पतसंस्थांत बुडालेले पैसे जळगाव जिल्ह्याने पुरेसे पाहिलेत, म्हणून तिने यजमानांच्या मागे राहिलेले ५ लाख बँकेत ठेवले होते. मुदत संपली, पावती घेऊन ती नूतनीकरणाला गेली. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, चार-पाच ठिकाणी सह्या घेतल्या. सगळी रक्कम एकाच उद्योगाचे शेअर घेणाऱ्या सेक्टर फंडात, तीही रेग्युलर प्लॅनमध्ये! त्यातून विकणाऱ्याला कमिशन जातं, हे तिला कोणी सांगितलं नाही. स्टेटमेंट आलं तेव्हा तिचा फोन आला, "भाऊ, मना पैसा कमी कसा व्हयना रे?" मी बँकेत विचारलं तर उत्तर मिळालं, "मार्केट आहे काका, थांबा." थांबायचं कसं? तिचा किराणा आणि बीपीच्या गोळ्या त्या व्याजातूनच येत होत्या.

हेच ५ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते, तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १०,२५० रुपये खात्यात पडले असते. त्या व्याजावर कर लागतो आणि महागाई पुढे पळते, हे मान्य. पण ज्याला पुढच्या महिन्यात पैसे लागणार आहेत, त्याची सोय आधी बघायची.

पंधरा-वीस वर्षं हात लावायचा नसेल, तर शेअर बाजारात जरूर जावं. पण बड्या कंपन्यांच्या लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसा बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावा लागतो. मग ५० बड्या कंपन्यांच्या निफ्टी निर्देशांकावर चालणाऱ्या इंडेक्स फंडापेक्षा टक्काभर जादा खर्च कशासाठी सोसायचा? ५ लाखांवर तो वर्षाला ५,००० रुपये होतो आणि तोट्याच्या वर्षीही कापला जातो. छोट्या कंपन्यांच्या स्मॉल कॅप फंडात व्यवस्थापकाच्या नजरेला वाव असतो, पण ती नजर एका वर्षाच्या आकड्यावरून कळत नाही. डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत. तुमच्या लेखकाला ते ठाऊक नसतील, असं मी मानत नाही.

राहिला सक्रिय फंडांच्या बाजूने तुमच्या लेखात दिलेला विप्रो कंपनीचा दाखला. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि ज्यांनी त्याचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले, त्यांचं भलं झालं. त्यांच्यासाठी ते कोणा फंड व्यवस्थापकाने निवडले नव्हते. एका कंपनीच्या भाग्यावरून सक्रिय फंडांची बाजू कशी सिद्ध होते?

आणखी एक. सोन्याचा भाव तुम्ही रोज छापता. अल्पबचतीचे व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, त्याला मात्र तुमच्याकडे जागा नसते. या तिमाहीपासून ती चौकट सुरू करा, आणि अक्षर जरा मोठं ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चोपडा