ओपन इलेक्टिव्हमधील विज्ञान ‘सोपा पेपर’ ठरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा एखादा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा लागतो आणि त्यामुळे कला व वाणिज्य शाखेतील अनेक मुले-मुली दहावीनंतर प्रथमच विज्ञानाच्या तासाला बसू लागली आहेत. नाशिकमधील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवत असल्याने ही निवड कशी होते, ते मी जवळून पाहते. कोणता पेपर सोपा जाईल, याखेरीज दुसरा विचार त्यात सहसा नसतो. मुलांना जिज्ञासाच उरलेली नाही, असे काही सहकारी म्हणतात. ते मला मान्य नाही. एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, ‘मॅडम, सायन्स जमलं असतं तर आम्ही कॉमर्सला आलो असतो का?’ दहावीच्या टक्क्यांवरून आपण शाखांची जी उतरंड रचली आहे, तिचा हा परिणाम आहे. विज्ञान हुशारांसाठी असते आणि आपण त्यातले नाही, ही समजूत सोळाव्या वर्षी मनात बसते आणि पदवी हाती आली तरी निघत नाही.

खेदाची गोष्ट अशी की, महाविद्यालयेही ही समजूत पक्कीच करतात. विज्ञान शाखेच्या अभ्यासक्रमातून गणिते आणि प्रात्यक्षिके वगळून उरलेल्या व्याख्या, असेच स्वरूप या पेपरांना बहुधा येते. त्या पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि विसरल्या जातात.

वास्तविक या जिल्ह्यात विज्ञान शिकवायला निमित्त शोधावे लागू नये. शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात, त्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने २०१० मध्ये युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली आणि आपल्या द्राक्ष बागायतदारांना त्याची मोठी झळ बसली. ती मर्यादा किलोमागे केवळ ०.०५ मिलिग्रॅम होती. इतके सूक्ष्म प्रमाण मोजतात कसे, मर्यादा कशाच्या आधारे ठरते, नमुना बागेच्या कोणत्या भागातून घेतला यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातून येणाऱ्या वाणिज्यच्या विद्यार्थ्याला नको असेल, असे कोण म्हणेल? निर्यातीच्या तासाला मी हे उदाहरण काढते, तेव्हा एरवी गप्प बसणारी मुलेही प्रश्न विचारतात आणि त्यांतले बरेचसे रसायनशास्त्राचे असतात. सिंहस्थाच्या तोंडावर गोदावरीच्या पाण्याविषयी रोज काही ना काही छापून येते. स्नानासाठीच्या पाण्याची बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा निकष आहे. बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, एवढे ज्याला समजले, तो राज्यशास्त्राचा विद्यार्थी उद्या नगरसेवक किंवा वार्ताहर झाला, तर मलनिस्सारण केंद्रांवरील खर्चाबद्दल नेमका प्रश्न विचारू शकेल.

भाषेची अडचणही मोठी आहे. डॉ. जयंत नारळीकर २०२१ मध्ये आपल्याच शहरात भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या विज्ञानकथा आवडीने वाचणारी मराठी विभागातील मुले विज्ञानाचे इंग्रजी टिपण हाती पडताच हबकतात.

म्हणून अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, या विद्यार्थ्यांसाठीचे पेपर मराठीतूनही उपलब्ध करावेत, त्यांतील निम्मे गुण प्रत्यक्ष मोजणी, नोंदी आणि निष्कर्ष यांसाठी ठेवावेत आणि महाविद्यालयांनी हे तास कोणाच्या तरी वेळापत्रकात कोंबण्याऐवजी विभागातील अनुभवी शिक्षकांकडे द्यावेत. पुढील सत्राचे विषय निश्चित होण्यापूर्वी हे बदल झाले, तर आता प्रवेश घेतलेल्या मुलांनाही त्यांचा उपयोग होईल.

– एक प्राध्यापिका, नाशिक