तयारी शहराची, जायचे गावात

संपादक महोदय,

स.न.

बारावीनंतर अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे एकाच शाखेऐवजी अनेक विषय शिकवणाऱ्या छोट्या पदवी कॉलेजात) मूल पाठवणारी मराठी घरे बडोद्यात आता दिसू लागली आहेत. इंजिनिअरिंगला परदेशी जाणाऱ्यांची तयारी कशी करायची, हे दांडिया बाजार ते मांजलपूर सगळ्यांना पाठ आहे. इथे मात्र तीच यादी वापरली की घोटाळा होतो, कारण यातली बरीच कॉलेजे खेड्यात आहेत. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर गेले ते कोलंबियाला, म्हणजे न्यूयॉर्क शहरात. आयोवातले ग्रिनेल किंवा ओहायोतले केनयन हा प्रकारच वेगळा.

ग्रिनेलपासून दे मॉइन विमानतळ सुमारे 100 किलोमीटरवर आहे. बडोदे-अहमदाबादपेक्षा हे अंतर कमीच. पण इथे गाडी चुकली तर थोड्या वेळात दुसरी मिळते. तिथे रात्री अकराला उतरलेल्या मुलाला टॅक्सीसुद्धा मिळेलच असे नाही. कॉलेजची बस ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी विमानतळावर येते. म्हणून आधी बसचे वेळापत्रक मागवावे, मग तिकीट काढावे. सगळे उलटे करतात. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे विमान उतरते तिथेच इमिग्रेशन होते, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. पुढच्या विमानाला किमान तीन तास ठेवावेत. आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने दिलेला प्रवेशाचा दाखला, हातातल्या बॅगेत हवा. तो चेक-इनच्या बॅगेत गेला तर इमिग्रेशनच्या खिडकीशी दाखवायला काहीच उरत नाही, कारण सामान त्यानंतर मिळते.

दुसरा मुद्दा सुट्ट्यांचा, आणि इथेच सर्वाधिक पालक फसतात. डिसेंबरच्या मध्यापासून चार-पाच आठवडे कॉलेज बंद असते. बऱ्याच ठिकाणी वसतिगृहात राहायला आधी अर्ज लागतो, त्याची मुदत निघून गेलेली असते. खोली मिळालीच तरी मेस बंद. गावात दुकाने दोन-चार, बाहेर उणे 20 पर्यंत थंडी. “न्यू जर्सीत मामा आहेत की!” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. न्यू जर्सी ते ग्रिनेल दीड हजार किलोमीटरहून अधिक आहे, बडोद्याहून दिल्लीपेक्षाही लांब. मामांकडे जायचे तर तेही तिकीट ऑगस्टमध्येच बघावे. मूल भारतात येणार असेल तर निघण्यापूर्वी आय-20 वर कॉलेजकडून प्रवासाची सही घ्यायला सांगावे; ती एरवी वर्षभर चालते.

लसीकरणाला जुलैत सुरुवात करू नये. एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचे) दोन डोस मागतात आणि त्यांत किमान 28 दिवसांचे अंतर लागते. सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नसते, त्यामुळे “सगळ्या लशी झाल्यात” म्हणणारे कार्ड तिथे अपुरे ठरते. हिपॅटायटिस बीचा कोर्स सहा महिन्यांचा; लहानपणीची नोंद हरवली असेल तर रक्तात प्रतिपिंडे तपासून घ्यावीत. क्षयरोगासाठी त्वचेवरची चाचणी टाळून आयजीआरए ही रक्ताची चाचणी करावी. बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्या आपल्या मुलांची त्वचेची चाचणी उगीच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि खुलासे मागे लागतात. दातांची कामे इथेच उरकावीत, चष्मे दोन द्यावेत. कॉलेजच्या विम्यात दात आणि डोळे बहुधा नसतात. मुलाला एवढेही सांगून ठेवा की आपले पॅरासिटामॉल तिकडे अॅसिटामिनोफेन नावाने मिळते. दोन्ही वेगळी समजून एकदम घेतली तर डोस दुप्पट होतो.

पैशांचे थोडक्यात. एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांवर पैसे परदेशी पाठवले की बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. ही मर्यादा प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी, त्यामुळे आई आणि वडील आपापल्या खात्यातून पाठवू शकतात. कापलेला कर विवरणपत्रात वळता होतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर तो लागत नाही. फी पाठवताना मधल्या बँकेचा खर्च आपण भरू, असे फॉर्मवर नोंदवावे. नाहीतर वाटेत वीस-पंचवीस डॉलर कापले जातात आणि तेवढ्या बाकीसाठी मुलाची नोंदणी अडकू शकते. विद्यार्थी क्रमांक लिहायला विसरलात तर पैसे पोचूनही कोणाचे ते कळत नाही.

सामानात चादरी भरू नका. तिथल्या वसतिगृहातले पलंग बहुतेक 80 इंच लांब असतात, आपल्या चादरी पुरत नाहीत. कुकर आणि शेगडी वसतिगृहात चालत नाहीत. आपली मिक्सरसारखी 230 व्होल्टची यंत्रे तिथल्या 120 वर धड चालतही नाहीत. जाड कोट तिथेच घ्यावा. भाकरवडी खुशाल द्या, मात्र कस्टममध्ये खाण्याचे पदार्थ आहेत असे आपणहून सांगायला लावा.

“कोणत्या शाखेला?” या नातेवाइकांच्या प्रश्नाला दोन वर्षे उत्तर नसते. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा असतो आणि त्यात काही बिघडत नाही. पालकांना जास्त खुपते ते वेगळेच: 1974 च्या तिथल्या कायद्यानुसार गुणपत्रकावर हक्क विद्यार्थ्याचा. फी तुम्ही भरलीत तरी मुलाने लेखी संमती दिल्याशिवाय कॉलेज सहसा तुम्हाला गुण सांगत नाही. ही संमती द्यायची की नाही, ते निघण्यापूर्वी घरातच बोलून घ्यावे. आजारपणात डॉक्टरांनी घरी कळवावे यासाठीची संमती वेगळी असते, ती मात्र जरूर द्यायला लावावी.

फोन सकाळच्या चहानंतर करावा. आपले आठ वाजतात तेव्हा आयोवात आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की साडेआठ. रात्री जेवणानंतर साडेनऊला लावलात तर मूल वर्गात बसलेले असते.

– एक समुपदेशक, बडोदे