कशावरून? (आमच्या गणिताच्या मॅडमना खुलं पत्र)

मॅडम, नमस्कार.

समोर आलो असतो तर हे काही तोंडातून निघालं नसतं म्हणून इथे लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, टाकलं तर तुम्ही फोन करून झापाल.

बारावीला गणितात ९६ घेऊन एफवायला आलो, पण तोवर एकही गोष्ट मी स्वतः सिद्ध केलेली नव्हती. स्टेप्स पाठ करायच्या, शेवटी 'म्हणून सिद्ध झाले' लिहायचं, मार्क पडायचे. आणि मग तुमचं ते पहिलं ट्युटोरियल. वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जोडा, आत किती तुकडे पडतात ते मोजा. २ बिंदूंना २ तुकडे, ३ ला ४, ४ ला ८, ५ ला १६. सहाला किती म्हटल्यावर मी बसल्या जागेवरून ओरडलो, ३२! तुम्ही एवढंच म्हणालात, "कशावरून?"

मोजले तर माझे आले ३० आणि शेजारच्याचे ३१, झालं, अर्धा तास आमची नुसती जुंपलेली आणि तुम्ही खिडकीपाशी मजा बघत उभ्या. शेवटी कळलं की मी हौसेने सहाही बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले होते, त्यामुळे तीन रेषा मधोमध एकाच ठिकाणी छेदत होत्या आणि मधला एक तुकडा गायब. ३२ मात्र कुणाचेच आले नाहीत.

मग ती सिरीजची गंमत. पदं शून्याकडे जातात म्हणजे सिरीज कन्व्हर्ज होणारच (पदं कितीही मिळवत गेलं तरी बेरीज एका ठराविक आकड्यापाशी जाऊन टेकणारच), असं मी फळ्यावर छातीठोकपणे लिहिलं आणि मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, मग १ + १/२ + १/३ + १/४ वालीचं काय? १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार मिळून परत अर्ध्याहून जास्त, पुढची आठ मिळून तेच, थांबतेय कुठे ती. माझे कान लाल. तेव्हा तुम्ही केम्पेची गोष्ट सांगितलीत. पेशाने वकील, १८७९ मध्ये कुठलाही नकाशा, शेजारशेजारचे भाग एकाच रंगाचे न येता, चार रंगांत रंगवता येतो याचं प्रूफ दिलं, लोकांनी मानलं, आणि १८९० मध्ये हीवूड नावाच्या गणितज्ञाने त्यातली चूक दाखवली. पण ते प्रूफ फेकून न देता त्याच युक्तीने पाच रंग पुरतात हे त्याने सिद्ध केलं. "त्याची चूक ११ वर्षं सापडली नाही, तुझी ११ मिनिटांत सापडली, नशीबवान आहेस." वर्ग हसला, मीपण हसलो, आणि त्यानंतर कुणी माझं प्रूफ खोडलं तर राग येणं बंद झालं (बरं, कमी झालं).

पण सगळ्यात जास्त थँक्यू त्या टेस्टच्या पेपरसाठी. ५ मार्कांच्या प्रश्नात अर्ध्यावर अडकलो आणि चक्क लिहिलं, 'इथून पुढे मला सिद्ध करता येत नाही'. तुम्ही ३ दिलेत. माझ्या मित्राने पानभर लिहिलं होतं, पण जे सिद्ध करायचं तेच मधे गृहीत धरलेलं, त्याला १. तो अजून चिडलेला आहे.

तक्रार एकच, या भांडणांपायी तुमचा पोर्शन कधी पुरा झाला नाही. शेवटचं चॅप्टर आम्हीच आपापसात केलं, दोन ठिकाणी अजून पटत नाहीये. शनिवारी दुपारी असाल का? आम्ही चौघं येतो.

तुमचा,
३२ वाला