पश्चिमेच्या काचा आणि नाशिकचे ऊन

महोदय,

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा भागात नव्या इमारतींत हॉलला पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच द्यायची टूम निघाली आहे. जाहिरातीत सूर्यास्त दिसतो. एप्रिल-मे महिन्यांतली दुपार राहायला गेल्यावरच कळते.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते आणि आपल्या थंडीत ते हवेच असते. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो, तेव्हा त्याच खिडकीला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र छज्ज्याचे काही चालत नाही. उतरते ऊन आडवे, थेट आत शिरते. आतून पडदा ओढून फारसे साधत नाही, कारण उष्णता तोवर काचेच्या आत आलेली असते. अडवायची तर बाहेरूनच: जाळी, वाळ्याचा पडदा, नाहीतर झाड. आणि थंडीच्या रात्री हीच एकेरी काच घरातली ऊब भराभर बाहेर घालवते, दिशा कोणतीही असो.

केंद्राच्या २०१८च्या ‘इको निवास संहिते’ने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा सांगितली आहे. महापालिकेने नकाशे मंजूर करताना निदान पश्चिमेच्या काचेवर बाहेरून सावली आहे का, एवढे तरी पाहावे. ग्राहकांचेही नवल वाटते. दार पूर्वेला हवे म्हणून अडून बसतात, बेडरूमची खिडकी कुठे उघडते हे विचारत नाहीत.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक