अपग्रेडनंतर सिस्टीम स्लो? लगेच नवा सर्व्हर घेऊ नका

संपादक महोदय,

मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम बघतो. मागे एका रविवारी आमच्या व्हेंडरने पोस्टग्रेस, म्हणजे आमचा सगळा डेटा सांभाळणारं डेटाबेस सॉफ्टवेअर, व्हर्जन 11 वरून 15 वर नेलं आणि सोमवारी काउंटरवर बोंबाबोंब, खातेउतारा जो दोन सेकंदात निघायचा त्याला मिनिट मिनिट लागायला लागलं, पासबुक भरायला आलेली म्हातारी माणसं जिन्यापर्यंत उभी. व्हेंडरचं एकच पालुपद, नवा सर्व्हर घ्या. सभासदांचे पैसे आहेत हो ते!

खरं कारण साधं होतं. पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसचं व्हर्जन बदलायचं टूल वापरलं की डेटा नव्या व्हर्जनला जातो पण 17 पर्यंतच्या व्हर्जनला जाताना टेबलांची स्टॅटिस्टिक्स बरोबर जात नाहीत (18 पासून बहुतेक सगळी जातात), मग कुठल्या टेबलात किती नि कसा डेटा आहे हे प्लॅनरला (डेटा कुठल्या वाटेने शोधायचा ते ठरवणारा भाग) कळतच नाही आणि तो इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी यादी) असूनही अख्खं टेबल वाचत बसतो. सगळ्या डेटाबेसवर ॲनालाइझ (ही स्टॅटिस्टिक्स नव्याने गोळा करणारी कमांड) चालवलं आणि उतारे पूर्ववत निघू लागले, खर्च शून्य. दोन रिपोर्ट तरी रेंगाळत होते, ते जेआयटी (काम चालू असतानाच त्याचा काही भाग मशीन कोडमध्ये बदलणारी सोय) बंद केल्यावर सुटले, हे सेटिंग 12 पासून आपोआप चालू असतं.

डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, तरी कुणी वाचत नाही याचा राग येतो. संस्थांच्या संचालकांनी अपग्रेडच्या करारातच लिहून घ्यावं की आधी डेटाच्या कॉपीवर नेहमीच्या क्वेऱ्या (डेटाबेसला केलेल्या मागण्या) चालवून जुना-नवा वेळ दाखवायचा, आणि ॲनालाइझ झाल्याशिवाय काउंटर उघडायचं नाही.

– एक वाचक