चुकलेल्या जॉबला चिठ्ठी लावायला शिकवणाऱ्या काकांना

नाशिक

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं नाव या पत्रात नाही, कारण ते घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं. सातपूरला टूलरूममध्ये नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी आमच्या आठवी-नववीच्या तंत्रज्ञान आणि आरेखनाच्या तासाला तुम्ही उभे राहिलात, एवढी ओळख पुरे. पत्र उघडं लिहितोय ते अशासाठी की शहरातले आणि निफाड-सिन्नरकडचे शिक्षक विचारत असतात, मुलांकडून नेमकं करून काय घेता? जे करून घेतो ते बहुतेक तुमचंच आहे. त्यांना उत्तर आणि तुम्हाला धन्यवाद, दोन्ही एकाच कागदावर उरकतो. कागद वाया गेलेला तुम्हाला आवडत नाही.

सगळ्यात आधी ती फळी. चुकलेला जॉब, म्हणजे करायला दिलेला तुकडा, भंगारात टाकायचा नाही, भिंतीवरच्या फळीवर ठेवायचा आणि त्याला सुतळीने चिठ्ठी बांधायची: माप किती हवं होतं, किती आलं, का आलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर चिठ्ठी परत. 'हात हलला' हे कारण तुम्ही कधी चालवून घेतलं नाही. हात का हलला? जॉब व्हाइसच्या (तुकडा घट्ट धरायच्या शिकंज्याच्या) जबड्यावर दोन इंच वर निघालेला होता, म्हणून करवत लावल्यावर पत्रा थरथरला आणि रेघ सुटली. हे कारण. त्यावर उपायही आपोआप येतो: कापायची रेघ जबड्याच्या जितकी जवळ तितकं बरं, आणि पत्रा पातळ असेल तर दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून कापायचा. करवतीचे किमान तीन दात एका वेळी धातूवर असले पाहिजेत, नाहीतर दात अडकतात आणि उडतात. जाड दातांचं पातं पातळ पत्र्यावर का चालत नाही, याचं उत्तर मुलांना तिथेच मिळालं.

फळीवरचे बरोब्बर १० मिलिमीटर आखूड असलेले सगळे तुकडे मात्र एकाच घरातले. शाळेतल्या स्टीलपट्टीचं टोक झिजलेलं असतं, तिथून मोजलं की अर्धा मिलिमीटर गेलाच. म्हणून तुम्ही १० च्या रेघेपासून मोजायला लावलंत. मुलं १० ची रेघ कडेला लावतात, ६० वर खूण करतात आणि ६० मिलिमीटरचा तुकडा समजून ५० चा कापतात. आता पट्टी कडेला लावली की 'अधिक दहा' असं मोठ्याने म्हणायचं, हा वर्गाचा रिवाज झाला आहे. शेजारच्या वर्गाला त्याचा थोडा त्रास होतो.

भोकांच्या रांगेचंही तेच. २० मिलिमीटर अंतरावर सहा भोकं पाडायची तर मुलं पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं मोजत जातात. दर वेळी अर्धा मिलिमीटर त्याच बाजूला सरकला तर सहावं भोक अडीच मिलिमीटर लांब जाऊन बसतं आणि झाकण लागत नाही. सगळी मापं एकाच कडेवरून घ्यायची: २०, ४०, ६०, ८०, १००, १२०. ती कड आधी कानशीने सरळ करून, काटकोन बघायचा गुण्या लावून तपासायची आणि तिच्यावर फुली मारायची. फुलीची कड सोडून दुसरीकडे पट्टी दिसली की तुम्ही काही न बोलता पट्टी उचलून घ्यायचात.

आरेखनाच्या बाबतीत एक गोष्ट आम्हालाही कळायला उशीर लागला. मुलं व्हिडिओ बघून येतात आणि वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या वर काढतात. ती तिसऱ्या कोनाची पद्धत, अमेरिकेत चालते. आपल्याकडे पहिल्या कोनाची: वरचं दृश्य खाली, डावीकडून दिसणारं उजवीकडे. कागदावर दोन्ही बरोबरच दिसतात, पण कापणाऱ्याने दुसरी पद्धत धरली की वायरीची खाच नेमकी विरुद्ध बाजूला येते. म्हणून कोपऱ्यात कापलेल्या शंकूचं चिन्ह काढल्याशिवाय आरेखन वर्गाबाहेर जात नाही.

लेझरवर कापून आणायच्या डब्यांसाठी तुम्ही सांगितलेली चाचणीपट्टी इतर शाळांनी जशीच्या तशी उचलावी. ३ मिलिमीटरचा म्हणून आणलेला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) व्हर्नियर या मोजमापाच्या साधनावर कधी २.८ भरतो, कधी ३.१. शिवाय लेझर साधारण ०.२ मिलिमीटर जागा जाळून टाकतं, त्यामुळे खाच तेवढी रुंद आणि तिच्यात शिरणारी जीभ तेवढी अरुंद होते. आरेखनात दोन्ही ३ ठेवले की डबा खुळखुळ्यासारखा वाजतो. म्हणून आधी त्याच शीटच्या कोपऱ्यातून बोटभर लांबीची पट्टी कापायची, तिच्यात २.६, २.७, २.८, २.९, ३.० आणि ३.१ च्या खाचा, आणि त्याच शीटचा तुकडा प्रत्येकीत बसवून बघायचा. अंगठ्याच्या जोराने बसला आणि उलटं धरल्यावर पडला नाही, ती खाच आपली. हातोडी घ्यावी लागली तर ती फार घट्ट. एमडीएफचे थर सुटतात. आणि मे महिन्यात काढलेलं माप जुलैत धरायचं नाही, पावसाळी हवेत एमडीएफ फुगतो. कापलेल्या कडांना सीलरचे दोन हात दिले तर फुगणं बरंच कमी होतं.

आता कांदा चाळ. तुमचे खरे आभार इथे मानायचे आहेत.

नववीच्या मुलांनी चाळीचं १:१० मॉडेल केलं होतं. खऱ्या चाळीत कप्प्याची रुंदी ४ फुटांच्या आसपास, कांद्याची थप्पी ५ फुटांपेक्षा उंच नाही आणि तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खालून हवा खेळावी म्हणून. साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्याला मानवते. त्याहून दमट झालं की सड आणि काळी बुरशी, फार कोरडं झालं की वजनात घट. मुलांची योजना सरळ होती: आत तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड, आणि आर्द्रता ७० च्या वर गेली की संगणकातला १२ व्होल्टचा पंखा सुरू. चाललं. टाळ्या वाजल्या. तुम्ही मॉडेलभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पंखा हवा आणतो कुठून?"

बाहेरून. आणि जुलैत बाहेर काय असतं?

त्या एका प्रश्नावर पुढचे पाच शनिवार गेले आणि ते योग्यच गेले. आधी मुलांनी बाहेर दुसरा सेन्सर लावला आणि 'बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा कमी असेल तरच पंखा' अशी अट घातली. तीही चूक, कारण टक्के तापमानावर अवलंबून असतात. एक घनमीटर हवेत २० अंशांना जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम. म्हणजे पहाटे बाहेर २४ अंश आणि ९० टक्के असेल तर वाफ १९.६ ग्रॅम. चाळीत ३० अंश आणि ७५ टक्के असेल तर २२.८ ग्रॅम. टक्के बाहेर जास्त, पाणी आत जास्त. इथे पंखा लावायला हवा आणि मुलांच्या अटीने तो बंद राहत होता. उलट दुपारी बाहेर २८ अंश, ८५ टक्के, म्हणजे २३.१ ग्रॅम, आणि आत २६ अंश, ७२ टक्के, म्हणजे १७.६. आत ७० च्या वर गेलंय म्हणून पहिल्या योजनेने पंखा लावला असता आणि ती हवा आत येऊन २६ अंशांवर आली की आर्द्रता ९५ टक्क्यांपर्यंत. कांदा वाळवायला लावलेला पंखा कांदा भिजवतो!

विज्ञानाच्या बाईंनी मग २० ते ३५ अंशांचा तक्ता करून घेतला, प्रत्येक अंशाला किती ग्रॅम मावतात त्याचा. प्रोग्राम तो तक्ता बघतो, टक्क्यांनी गुणतो आणि ग्रॅमची तुलना करतो. आतली आर्द्रता ७० च्या वर आणि बाहेर २ ग्रॅमने कमी वाफ, असं दोन्ही असेल तरच पंखा सुरू. फरक १ ग्रॅमवर आला की बंद. २ च का? सेन्सर स्वतः दोन-एक टक्के इकडेतिकडे दाखवतो, ३० अंशांना ते ०.६ ग्रॅम होतात, दोन सेन्सरचे मिळून १.२. त्याहून लहान फरकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आणि सुरू-बंदचा आकडा एकच ठेवला तर पंखा मिनिटाला दहा वेळा फडफडतो. मॉडेलवर हात ठेवण्याआधी दोन्ही सेन्सर अर्धा तास शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक टिपायचा, ही सवयही तुमचीच. दोन वाचनांमध्ये किमान दोन सेकंद जाऊ द्यायचे. हा सेन्सर त्याहून घाई सोसत नाही.

याच कामाच्या तीन चिठ्ठ्या फळीवर आहेत. पहिली: सेन्सर आर्डुइनोच्याच डबीत बसवला. १२ चे ५ व्होल्ट करताना उरलेल्या ७ व्होल्टची उष्णता डबीतच कोंडते, सेन्सरला तापमान जास्त आणि आर्द्रता कमी दिसते, पंखा हवा तेव्हा लागत नाही. उपाय, सेन्सर वीतभर वायरीवर डबीबाहेर. दुसरी: पंखा थेट आर्डुइनोच्या पिनेला जोडला. पिनेतून २० मिलिअँपिअरच्या वर घ्यायचे नसतात, पंख्याला त्याच्या कितीतरी पट लागतात. पिन गेली. उपाय, मध्ये टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर (पिनेच्या लहान प्रवाहावर पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा) आणि त्याच्या बेसला १ किलोओहमचा रोध. तिसरी सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी: पंख्याच्या अडॅप्टरची ऋण वायर आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडलीच नव्हती. सगळं बरोबर, पंखा मुका.

मॉडेलमध्ये हवा छान खेळते म्हणून मुलं खऱ्या चाळीलाही तेवढाच पंखा पुरेल असं लिहून मोकळी झाली होती. "माप एक-दशांश केलं म्हणून हवा एक-दशांश होत नाही," हे तुमचं वाक्य त्या अहवालात आम्ही तसंच घातलं. लांबी दसपट झाली की आतली जागा हजारपट होते.

हे असं शिकवणं महाराष्ट्राला नवं नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा पाया घातला आणि तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या शाळांत गेला. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे शाळाशाळांत थ्रीडी प्रिंटर आले. यंत्र आल्याचा आनंद आहेच, पण कानस न धरलेल्या मुलाला आधी प्रिंटर देणं आम्हाला पटत नाही. ५ मिलिमीटरचं भोक छापल्यावर ४.८ का भरतं, हे ज्याने ५ चं भोक हाताने पाडून त्यात ५ चा बोल्ट अडकलेला पाहिलाय त्यालाच लवकर कळतं. प्रिंटरची एक गोष्ट मात्र इतर शाळांसाठी लिहून ठेवतो: पावसाळ्यात पीएलएची, म्हणजे छपाईच्या प्लास्टिक तारेची, रीळ उघडी राहिली की ती ओल धरते, छापताना तडतड आवाज येतो आणि वस्तूला केसासारखे तंतू सुटतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवावी.

ड्रिलपाशी तुमचे नियम आहेत तसेच आहेत. हातमोजे नाहीत, ओढणी आणि बाह्या बांधलेल्या, जॉब हातात नाही तर व्हाइसमध्ये, आणि चकची (बिट पकडणाऱ्या भागाची) किल्ली जाग्यावर टांगल्याशिवाय स्विचला बोट नाही.

शेवटी एक कबुली. तुम्ही वर्गाला दिलेला एम४ चा टॅप (४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोकात आटे पाडायचं हत्यार) मागच्या शनिवारी तुटला. ॲल्युमिनिअमच्या प्लेटला ३.३ चं भोक हवं होतं, ३.३ चं बिट सापडेना म्हणून ३ चं लावलं. तेल घातलं नाही, आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे हे न करता सरळ पिळत नेला. तुकडा भोकातच आहे. प्लेट फळीवर ठेवली आहे आणि चिठ्ठीचे तिन्ही रकाने भरलेले आहेत, फक्त सही आमच्यापैकी एका शिक्षकाची आहे. नवा टॅप आणि ३.३ ची दोन बिटं आणून ठेवलीत. तुकडा काढायचा कसा ते मात्र येऊन दाखवा.

आपले,
आठवी-नववीच्या तंत्रज्ञान आणि आरेखन तासिकेचे शिक्षक